सहा हजार दिवस

धाकट्या भावाला जाऊन तीन वर्षं झाली. १९९६ साली तो अमेरिकेत होता आणि यूजनेटवरच्या सॉक.कल्चर.इंडियन.मराठी या गटात रोमन लिपीतून मराठी लिहायचा. सुट्टीला धुळ्याला आला की कौतुकाने सांगायचा, आणि मी मास्तरी थाटात "आधी देवनागरीत लिहायला शीक" म्हणून त्याला गप्प करायचो. आता ते लिखाण वाचावंसं वाटतं. (उशिरा सुचलेलं शहाणपण, दुसरं काय!)

म्हणून जळगावच्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, सोपं आहे. एक प्रोव्हायडर घ्या, एक इंडेक्सर घ्या. वर्षाचा प्लॅन स्वस्त पडतो. रिटेन्शन मात्र सहा हजार दिवसांचं बघा."

भाच्याचा दोष नाही, नवख्याला सगळीकडे हेच सांगितलं जातं. पण हा सल्ला नव्हे, ही दुकानदारी आहे.

प्रोव्हायडर आणि इंडेक्सर म्हणजे काय, ते आम्हा धुळेकरांना कळायला अवघड नाही. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी इथेच गेले आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. तिथली दप्तरं सांभाळणारी खोली म्हणजे प्रोव्हायडर. कुठल्या रुमालात काय आहे ते सांगणारी यादी म्हणजे इंडेक्सर. त्याच्याजवळ मूळ कागद नसतोच. आता यादी विकत का घ्यावी लागते? तर मोठ्या फाइलींचे हजारो तुकडे करून, पुष्कळदा मुद्दाम निरर्थक नावांनी, ते टाकलेले असतात. आणि या फाइली बहुतेक कुणाच्या? दुसऱ्याच्या सिनेमांच्या, दुसऱ्याच्या पुस्तकांच्या. नाव लपवून ठेवलेल्या मालाची यादी घ्यायची आणि वर दोघांनाही पैसे मोजायचे! साध्या पत्राला यादी लागत नाही. विषय त्याच्या माथ्यावरच लिहिलेला असतो.

राहिलं रिटेन्शन, म्हणजे माल किती दिवस जपून ठेवला आहे ते. सहा हजाराला ३६५ ने भागा. साडेसोळा वर्षंसुद्धा पुरती भरत नाहीत. त्यात १९९६ कुठून येणार? हा भागाकार पाचवीतला मुलगा करील, पण "सहा हजार" ऐकलं की माणूस दिपतो.

मला हवं होतं ते फुकट होतं. डेजा न्यूज या कंपनीने १९९५ पासून यूजनेटवरची पत्रं साठवली होती. तो साठा २००१ मध्ये गूगलने घेतला. २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगल ग्रुप्सने यूजनेटची नवी पत्रं घेणं बंद केलं, तरी जुनी तिथे वाचता येतात. आज कुणाला गटांत लिहायचंच असेल, तर इटर्नल सप्टेंबर हा सर्व्हर नाव नोंदवलं की फक्त मजकुराचे गट विनामूल्य देतो. थंडरबर्डमध्ये ते उघडतात. एवढं करूनही पैसे द्यायचेच असतील, तर वर्षाच्या प्लॅनऐवजी जीबीच्या हिशेबाने मिळणारा छोटा ब्लॉक घ्या. आणि दोन दुकानांची नावं वेगळी दिसली तरी मागचं गोदाम पुष्कळदा एकच असतं, ते आधी विचारा.

हे ऐकून भाचा हसला. "मामा, मजकुरासाठी आता कोण जातं? गट ओस पडलेत." पडलेत, खरं आहे. मग तसं सांगा ना! "सिनेमे उतरवायचे असतील तर हे घ्या" असं स्वच्छ लिहा. १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांना ही व्यवस्था सुचली, ती माणसांनी एकमेकांना लिहावं म्हणून. नवख्याला पहिला प्रश्न "काय वाचायचंय?" असा हवा. "बजेट किती?" हा नव्हे.

असो. भावाची आतापर्यंत दोनच पत्रं सापडली आहेत. एक कसल्याशा वादातलं, फारच चिडून लिहिलेलं. दुसऱ्यात कुणीतरी वांग्याच्या भरताबद्दल विचारलं आहे. त्यावर याने कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं वर्णन करून, शेवटी ओव्हनमध्ये कसं भागवायचं ते लिहिलंय. कांद्याची पात, हिरव्या मिरच्या, सगळं आहे. तेल किती, ते मात्र लिहायला विसरला आहे.