सहा रिक्लायनर विकण्याआधी तीन माणसं नीट बसवायला शिका

मागच्या आठवड्यातल्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच होता: "सर, होम थिएटरच्या कामात मार्जिन किती सुटतं?" इंटिरियरची छोटी कामं घेणारे, सीसीटीव्ही आणि डिश बसवणारे, फर्निचरचं वर्कशॉप चालवणारे, अशा सगळ्यांना आता या कामात यायचंय. बंगला बांधणारा माणूस आज एक खोली 'थिएटरची' म्हणून काढून ठेवतो, तेव्हा काम आहे हे खरं. पण मार्जिनचा हिशोब प्रोजेक्टर आणि स्पीकरवर लावू नका. त्याच्या किमती गिऱ्हाईक तुमच्यासमोर बसून मोबाईलवर बघतो. माझं मत असं आहे की या धंद्यात तुमची खरी कमाई, आणि खरं नुकसानही, बसायच्या जागेच्या आखणीत आहे. ती आखणी फुकट करू नका आणि शेवटी तर अजिबात करू नका.

हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. ट्रेनिंग सुरू करायच्या आधी मी फर्निचरची कॉन्ट्रॅक्टं घ्यायचो. मिरजेत एका निवृत्त गृहस्थांचं काम मिळालं. आम्ही त्यांना काका म्हणायचो. खोली ११ फूट रुंद, १६ फूट लांब. पडदा १०० इंची. काका म्हणाले, "दिवाळीला पोरं-नातवंडं येतात, सहा खुर्च्या बसव." मी म्हणालो, "बसवतो की काका." आणि बसवल्या! तीन-तीनच्या दोन रांगा, मागच्या रांगेखाली ६ इंचांचा प्लायचा ओटा, वर कार्पेट. फोटो इतके भारी आले की मी ते वर्षभर व्हिजिटिंग कार्डावर छापले असते.

पंधरा दिवसांनी फोन आला. "अरे, सहा खुर्च्या दिल्यास. पण आता बसायचं कुठं ते सांग."

गेलो. बसून बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्याच कामात दोन तास बसून सिनेमा बघितला. मागच्या रांगेत बसलो तर पुढच्याच्या डोक्यामागे सबटायटलची ओळ अर्धी गायब. बास इतका घुमत होता की संवाद कळेनात. पुढच्या रांगेत आलो तर पडदा अंगावर येतोय, मान डावीकडून उजवीकडे फिरतेय, आणि जो बास मागे घुमत होता तो इथे सापडतच नाही. पुढच्या रांगेतल्या रिक्लायनरच्या पाठी खाली केल्या की मागच्यांना उठून जायला वाट नाही. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्या अंधारात ओट्याची कड चुकून पडता पडता राहिल्या होत्या. हे काकांनी मला चहा देताना सांगितलं, रागावून नाही, नुसतं सांगितलं. ते जास्त लागलं.

आता हे का झालं ते बघा, कारण यात जादू काही नाही, फक्त माप आहे.

रिक्लायनर बंद असताना साधारण तीन फूट खोल दिसतो. पूर्ण उघडला की साडेपाच फूट, काही मॉडेल त्याहून जास्त. दोन रांगा म्हणजे अकरा फूट तिथेच गेले. मागे भिंतीपासून अर्धा फूट, दोन रांगांत एक फूट. म्हणजे पुढच्या रांगेतल्या माणसाचं डोकं मागच्या भिंतीपासून आठ फुटांवर आलं. सोळा फुटी खोलीच्या बरोब्बर मध्ये! आणि खोलीचा मध्य ही बाससाठी सगळ्यात वाईट जागा. आवाजाची लाट समोरासमोरच्या भिंतींवर आपटून परत येते, त्यात सगळ्यात खालच्या सुराचा दाब भिंतीपाशी सर्वांत जास्त आणि मध्यावर जवळजवळ शून्य असतो. सोळा फुटी खोलीत हा सूर ३५ हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे सबवूफरच्या ऐन कामाचा भाग. म्हणून मध्यावर बास हरवतो आणि मागच्या भिंतीला डोकं टेकलं की घुमतो. काकांच्या खोलीत एक रांग पहिल्या खड्ड्यात, दुसरी दुसऱ्या. सबवूफर महागडा घेतला म्हणून हे सुटत नाही.

अंतराचंही तसंच. पडदा डोळ्याला किती कोनात दिसावा याचे दोन आकडे या क्षेत्रात चालतात: एसएमपीटीईचा ३० अंश आणि टीएचएक्सचा ४० अंश. कोन मोजत बसू नका. पडद्याचा कर्ण गुणिले १.२ ते १.६, एवढं लक्षात ठेवा. १०० इंची पडद्याला डोळा १० ते साडेतेरा फुटांवर हवा. हॉलमधल्या ५५ इंची टीव्हीला साडेपाच ते साडेसात फूट पुरे. आपल्याकडे लोक बारा फुटांवर सोफा लावतात आणि म्हणतात टीव्ही लहान पडला. काकांची पुढची रांग आठ फुटांवर होती. पडदा अंगावर येणारच.

शेवटी काय केलं? ओटा काढला. तीन खुर्च्या बाहेर काढल्या. उरलेल्या तीन अशा ठेवल्या की डोळा पडद्यापासून साडेदहा फुटांवर यावा. म्हणजे मागच्या भिंतीपासून साडेपाच फूट, खोलीचा साधारण एक तृतीयांश. मागे ऐसपैस वाट मिळाली. पुढे जी मोकळी जागा राहिली तिथे काकूंनीच उपाय सांगितला: "नातवंडांना खुर्ची कशाला लागते? गादी टाका आणि दोन लोड." दिवाळीत सहाच्या जागी नऊ जण बसले! पोरं जमिनीवर असल्यामुळे कुणाचं डोकं कुणाच्या आड येईना.

आता माझा हिशोब. खुर्ची मी २८,००० ला घेतलेली, ३२,००० ला दिलेली. सहा खुर्च्यांवर २४,००० सुटणार होते. तीन परत घेतल्या, त्यांचे पैसे काकांना पूर्ण दिले आणि त्या पुढे २०,००० ला एक अशा विकल्या. तिथे २४,००० गेले. राहिलेल्या तिघींवर १२,००० सुटले. ओटा काढणं, फरशी दुरुस्ती, कार्पेट, मजुरी मिळून ९,०००. म्हणजे २४,००० मिळवायला निघालो आणि २१,००० घालून बसलो. नंतर काकांच्या शेजारच्या बंगल्याचं काम दुसऱ्याला गेलं, ते या हिशोबात धरलेलंच नाही.

यावर धंद्यातले जुने लोक मला म्हणतात, "गिऱ्हाईक सहा मागतोय तर सहा द्यायच्या, आपल्याला काय? बिल मोठं होतंय ना?" मला हे पटत नाही. गिऱ्हाईकाने सहा खुर्च्या मागितल्या नव्हत्या. त्याला दिवाळीत घरचे सगळे एकत्र बसायला हवे होते, खुर्च्यांचा आकडा त्याने आपला अंदाजाने सांगितला. तो आकडा तपासणं हेच तुमचं काम आहे, आणि त्याचे पैसे घ्यायचे असतात. रोज कोण बघणार, हे आधी विचारा. बहुतेक घरांत उत्तर 'आम्ही दोघं' असंच येतं. त्या दोघांची जागा सगळ्यात उत्तम करा, पाहुण्यांची चालेल इतपत.

दुसरी एक गोष्ट आपल्या डोक्यात बसलेली आहे, ती काढावी लागते. टॉकीजमध्ये बाल्कनीचं तिकीट महाग, पुढचा स्टॉल स्वस्त. मल्टिप्लेक्समध्येही रिक्लायनर शेवटच्या रांगेत. म्हणून गिऱ्हाईकाला वाटतं मागची जागा म्हणजे राजाची जागा. खरं तर मोठ्या थिएटरातसुद्धा आवाज जुळवताना पडद्यापासून साधारण दोन तृतीयांश अंतरावरची जागा धरतात, शेवटची रांग नाही. घरात तर मागची भिंत डोक्याला चिकटते. हे गिऱ्हाईकाला वाद घालून सांगू नका. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून दाखवा.

माझी पद्धत सांगतो, यात खर्च फक्त चिकटपट्टीचा आहे. खोली मोजायची, दाराची मोकळी रुंदी आणि जिन्याचं वळण धरून. रिक्लायनर दारातून आत गेला नाही तर पाठ सुटी होणारं मॉडेल लागतं, हे ऑर्डरच्या आधी कळलं पाहिजे. मग जमिनीवर कागदी चिकटपट्टीने प्रत्येक खुर्ची आखायची, आणि ती *उघडलेल्या* मापाने. पडद्याच्या जागी भिंतीवर पट्टी. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला चिकटपट्टीच्या वाटेने चालायला सांगायचं, दिवे घालवून. दुसरी रांग हवीच असेल तर पुढे एकाला बसवा, पडद्याच्या खालच्या कडेपासून गवंड्याची लाइनदोरी त्याच्या डोक्यावरून मागे ओढा. दोरी मागच्या माणसाच्या डोळ्याच्या वर गेली, तर त्याला पडद्याचा खालचा भाग दिसणार नाही. एकतर ओटा वाढवा, नाहीतर पडदा वर घ्या. माझा ६ इंची ओटा या दोरीने पहिल्याच मिनिटात नापास केला असता. ओटा एक फुटाच्या पुढे गेला की वरचा पंखा, फॉल्स सीलिंग आणि प्रोजेक्टरचा झोत बघा. उभा राहिलेला माणूस झोतात आला की सगळे ओरडतात.

हे सगळं फरशी आणि वायरिंगच्या *आधी* व्हायला हवं. मोटरच्या रिक्लायनरला खाली पॉइंट लागतो. तो नंतर काढला की वाटेत एक्स्टेन्शन बोर्ड येतो. एसीचा झोत कुणाच्या डोक्यावर पडणार, बाजूचे स्पीकर कुठे येणार, हे सगळं बसायची जागा ठरल्यावरच ठरतं. खुर्ची विकत घ्यायची शेवटी, पण तिची जागा ठरवायची पहिल्या दिवशी.

आणि थ्रीडी चित्राच्या मागे लागू नका. त्यातला कॅमेरा भिंतीच्या बाहेर उभा असतो आणि रिक्लायनर कायम बंद. गिऱ्हाईक चित्र बघून हो म्हणतो, पण पुढे त्याला खोलीत बसायचं असतं.

फीचं बोलू. नवीन माणसाने या आखणीचे ३,००० ते ५,००० वेगळे घ्यावेत, असं मी सांगतो. "काम दिलंत तर बिलात वळते करू" असं म्हणायचा मोह होतो. मी त्याच्या विरोधात आहे. वळते केले की आखणी पुन्हा फुकटच झाली, आणि मग जास्त खुर्च्या खपवायची खाज सुटते, कारण तुमची कमाई परत खुर्चीवर आली. फी वेगळी असली की "काका, तीनच घ्या" हे तोंडातून सहज निघतं. काही गिऱ्हाईकं फी ऐकून जातील. जाऊ द्या. समोरचा माणूस फुकट आखणी देतोय तर तो खुर्च्यांच्या संख्येतून वसूल करतोय, एवढं शांतपणे सांगून ठेवा.

पुढच्या व्हिडिओत एका रिकाम्या १० बाय १४ च्या खोलीत चिकटपट्टी लावून सगळं करून दाखवतो. तोपर्यंत तुमच्या घरातल्या टीव्हीपासून सोफ्यावरच्या डोळ्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि टीव्हीच्या इंचांसकट कमेंटमध्ये लिहा. अंदाजाने नको, टेपनेच.