आप्पियाचा रस्ता आणि जेनोआचा पूल

रोमन रस्ते दोन हजार वर्षे टिकले आणि आजचे महामार्ग वर्षा-दोन वर्षांत उखडतात, हे वाक्य आपल्याही सभांतून हमखास टाळ्या घेते. पण ही तुलना एकदा तपासून पाहायला हवी.

इ. स. पूर्व ३१२ मध्ये आप्पियस क्लॉडियस या अधिकाऱ्याने रोम ते कापुआ हा रस्ता बांधावयास घेतला, तो सैन्य दक्षिणेकडे झपाट्याने नेता यावे म्हणून. त्यावर पुढे बसविलेल्या काळ्या लाव्हा-दगडाच्या लाद्या आजही दिसतात. परंतु त्या रस्त्यांवरून जात काय होते? थिओडोसियसच्या संहितेत (इ. स. ४३८) सरकारी वाहतुकीच्या जड गाड्यांनाही १५०० रोमन पौंडांची, म्हणजे सुमारे ५०० किलोंची, मर्यादा घातलेली आढळते. आजच्या मालमोटारीच्या एकेका आसावर दहा-दहा टन भार असतो. आणि अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या चाचण्यांवरून असे दिसले की, आसावरील भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज सुमारे सोळापट होते. आप्पियाच्या रस्त्यावरून अशा मोटारींची रांग सोडली असती, तर पर्यटकांना दाखवावयास फारसे काही उरले नसते! शिवाय हे रस्ते आपोआप टिकलेले नाहीत. इ. स. पूर्व २० मध्ये ऑगस्टसने त्यांच्या देखभालीची जबाबदारी स्वतःकडे घेतली होती.

याच रस्त्याने आणखी एक दृश्य पाहिले आहे. इ. स. पूर्व ७१ मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर क्रॅससने सहा हजार गुलामांना कापुआपासून रोमपर्यंत दुतर्फा क्रुसावर चढविले. रोमन रस्त्यांचे गोडवे गाताना हे सोयीस्करपणे वगळले जाते.

मग आजच्या महामार्गांना दोष नाही काय? आहे, पण तो दगड-काँक्रीटचा नव्हे. त्याच इटलीत जेनोआचा मोरांदी पूल १४ ऑगस्ट २०१८ रोजी कोसळला आणि ४३ माणसे दगावली. काँक्रीटच्या आवरणातील पोलादी तारा गंजल्या होत्या. १९९९ मध्ये खाजगी झालेल्या कंपनीकडे त्या महामार्गाचा टोलही होता आणि देखभालही. टोल वाहनधारकांकडून रोजच्या रोज वसूल होत होता. तारा मात्र तशाच राहिल्या. २०२२ मध्ये ती कंपनी सरकारी वित्तसंस्थेच्या पुढाकाराखालील गटाने विकत घेतली. त्या गटातही परदेशी गुंतवणूकदारांचा वाटा आहेच.