आतड्यातल्या वस्तीला खायला काय मिळतं?

चाकणजवळच्या महाळुंग्याच्या किंवा खराबवाडीच्या खोलीवर राहणाऱ्या कामगाराचं पोट बिघडलं की तो मेडिकलवाल्याला गाठतो. खाडा पडला तर पगार कापला जातो, म्हणून दुसऱ्या दिवशी कामावर उभं राहायचंच असतं. अनेकदा त्याच्या हाती अँटिबायोटिक पडतं आणि सोबत ‘चांगल्या जंतूं’ची, म्हणजे प्रोबायोटिकची, कॅप्सूल. त्याची घाई मला पूर्ण समजते. पण ते जंतू आतड्यात कायमचं घर करतात, या समजुतीविषयी बोलायलाच हवं.

आतड्याच्या आतल्या बाजूला बुळबुळीत श्लेष्माचं अस्तर असतं. मोठ्या आतड्यात ते दुपदरी असतं. भिंतीलगतचा पदर इतका दाट की निरोगी माणसात तिथे जिवाणूंना जवळजवळ मज्जाव असतो. त्यांची वस्ती बाहेरच्या सैल पदरात. अन्न सतत पुढे सरकत असतं, त्यामुळे ज्याला धरून राहता येत नाही तो शौचावाटे निघून जातो. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी या प्रसिद्ध जिवाणूच्या अंगावर केसांसारखे तंतू असतात आणि त्यांवरचं प्रथिन श्लेष्माला पकडतं, हे फिनलंडच्या संशोधकांनी २००९ साली दाखवलं. एवढी पकड असूनही कॅप्सूल थांबवली की बहुतेकांच्या पोटातून तो काही आठवड्यांत नाहीसा होतो. जागा आधीच भरलेली असते.

तिथे मुरलेले जिवाणू आपण खाल्लेला चोथा आंबवून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना बरीचशी ऊर्जा त्यातूनच मिळते. शिवाय जागा आणि अन्न त्यांनी अडवल्यामुळे रोगजंतूंना शिरकाव कठीण होतो. चोथा मिळाला नाही तर यांतले काही जिवाणू श्लेष्माच खाऊ लागतात आणि अस्तर विरळ होतं. उंदरांवरच्या २०१६ च्या प्रयोगात हे स्पष्ट दिसलं.

अँटिबायोटिक ही वस्ती उठवतं. २०१८ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेने अशा कोर्सनंतर काहींना प्रोबायोटिक दिलं, काहींना काहीच दिलं नाही. प्रोबायोटिक घेणाऱ्यांची मूळ वस्ती परतायला उलट जास्त वेळ लागला. अभ्यास छोटा होता, तरी कॅप्सूल सरसकट हातावर ठेवणाऱ्याने थांबून विचार करावा इतका गंभीर आहे.

नवजात बाळाची गोष्ट वेगळी, कारण तिथे वस्ती नुकतीच बसत असते. ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजारांहून अधिक बाळांवर झालेली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. आतड्यात टिकून राहणारा लॅक्टोबॅसिलस प्लँटारम निवडून तो त्याच्या खाद्यासह आठवडाभर पाजला. जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. ते खाद्य म्हणजे फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड. याच जातीच्या शर्करा कांद्यात भरपूर असतात. चाकणच्या बाजारात कांद्याचे ढीग लागतात आणि शेजारच्या कारखान्यात रात्रपाळीचा पोरगा पाव-बिस्किटावर पहाट काढतो, हे मला अस्वस्थ करतं. पाळ्यांमुळे जेवणाझोपेची वेळ उलटली की आतड्यातल्या जिवाणूंचं दिवसरात्रीचं चक्रही बिघडतं, हे २०१४ पासून माहीत आहे.

पिंपरी-चाकणचा हा पट्टा अँटिबायोटिकच्या विरोधात बोलू शकत नाही, बोलूही नये. पिंपरीत १९५४ साली युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि देशाला पेनिसिलिन मिळालं. बुरशीवरचं हॅमायसिन इथलंच; ते तयार करणाऱ्या जिवाणूचं नावही स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. या औषधांनी असंख्य जीव वाचवले. म्हणूनच साध्या जुलाबावर ती चिठ्ठीशिवाय विकणं संतापजनक आहे. अशा जुलाबात आधी हवं असतं ते मीठ-साखरेचं पाणी, ओआरएस. शौचातून रक्त पडलं, ताप चढला किंवा अंगातलं पाणी आटू लागलं तर थेट डॉक्टर.

राहिला प्रश्न रोजच्या ताटाचा. १९४८ च्या कारखाना कायद्याने मोठ्या कारखान्यांना कँटीन बंधनकारक करण्याची तरतूद केली आणि कँटीनच्या समितीत कामगारांच्या प्रतिनिधींनाही जागा ठेवली. तिथे दर आणि चव यांवर भांडणं होतात, ती व्हावीतच. पण रात्रपाळीच्या ताटात मोड आलेल्या मटकीची उसळ, भाकरी आणि कच्च्या कांद्याची कोशिंबीर हवी, ही मागणीही युनियनने लेखी द्यावी. आणि तेच ताट कंत्राटी व ट्रेनी मुलांना त्याच दरात मिळालं पाहिजे.