घोड्याची तक्रार आणि टांगेवाल्याचा संसार

माणसांचे हाल संपलेले नसताना जनावरांच्या हालांची तक्रार कोणी करावी, असा प्रश्न परिवर्तनवादी चळवळीत अधूनमधून विचारला जातो. वर्धा जिल्ह्यात तर तो अधिकच टोकदार होतो. २००६ साली पंतप्रधानांच्या विशेष पॅकेजसाठी विदर्भातील जे सहा आत्महत्याग्रस्त जिल्हे निवडण्यात आले, त्यांत वर्धा होता. जेथे कापूस पिकवणाऱ्याच्या जिवाची शाश्वती नाही, तेथे रस्त्याकडेच्या एका रोडक्या घोड्यासाठी सरकारी कचेरीचे दार ठोठावणे पुष्कळांना सुखवस्तू मंडळींचे चोचले वाटतात. त्यातून घोड्याचा मालक बहुधा हातावर पोट असलेला. त्याच्याविरुद्ध तक्रार म्हणजे गरिबाविरुद्ध तक्रार, ही कार्यकर्त्याच्या मनातली अडचण खोटी नाही. परंतु या अडचणीचे उत्तर मौन हे नव्हे. मौनाने घोडाही वाचत नाही आणि त्याचा मालकही.

घोडा उपाशी का राहतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. एके काळी वर्धा स्थानकावर उतरलेला प्रवासी आठ किलोमीटरवरच्या सेवाग्रामला टांग्याने जाई. १९४२ च्या उन्हाळ्यात गांधीजींना भेटायला आलेले अमेरिकन पत्रकार लुई फिशर तसेच गेले होते. पुढे एस. टी. आली, ऑटोरिक्षा आल्या, घरोघर दुचाकी आल्या, आणि टांग्याचे उतारू गेले. घोडा हे टांगेवाल्याचे भांडवल. पण यंत्राहून वेगळे भांडवल. बंद पडलेली रिक्षा काही खात नाही. घोड्याला मात्र काम असो वा नसो, चारा आणि चंदी रोज लागते. मिळकत घटली की आधी चंदीतला हरभरा कमी होतो, मग नालबंदाकडे जाणे लांबते, मग जखमेला डॉक्टरऐवजी हळद लागते, आणि शेवटी घोडा मोकाट सुटतो. हा हिशेब क्रूर आहे. तो मांडणारा माणूस क्रूर असतोच असे नाही. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे सव्वासहा लाख घोडे व तट्टे होती. २०१९ च्या गणनेत ती तीन लाख बेचाळीस हजारांच्या आसपास उरली. सात वर्षांत पंचेचाळीस टक्क्यांहून अधिक घट! या आकड्यामागे किती कुटुंबांचा धंदा बसला, याची नोंद मात्र पशुगणनेत नसते.

शासनाच्या नजरेलाही घोडा दिसत नाही. आर्वीकडचा गवळाऊ बैल आणि गाय या जिल्ह्याचा अभिमान आहे. जमनालाल बजाजांनी १९४१ साली गोसेवा संघाचे काम उभारले तेही वर्ध्यातच. पशुवैद्यकीय यंत्रणा दूध आणि नांगर यांभोवती उभी राहिली, हे शेतीप्रधान मुलखात स्वाभाविकच होते. घोडा दूध देत नाही, नांगर ओढत नाही. म्हणून तो कोणत्याच योजनेत नीट बसत नाही.

कायद्याने मात्र त्याला वाऱ्यावर सोडलेले नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून १९६० चा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा आला. पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे, आजारी वा जखमी जनावराला कामाला जुंपणे, त्याला सोडून देणे, हे सारे या कायद्याच्या अकराव्या कलमाने गुन्हे ठरतात. १९६५ च्या नियमांनी ओढकामाच्या जनावरांचे कामाचे तास नऊ ठरवले, सलग पाच तासांनंतर विश्रांती सक्तीची केली, आणि टांगेवाल्याखेरीज चारच मोठ्या उतारूंची मर्यादा घातली. याच नियमांप्रमाणे तापमान ३७ अंशांवर गेले असता दुपारी बारा ते तीन या वेळात जनावर गाडीला जुंपता येत नाही. वर्ध्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या घरात जातो. म्हणजे अख्खा उन्हाळा या नियमाचा अंमल येथे रोज व्हायला हवा. कामाचे तास आणि ओझ्याची मर्यादा यांसाठी ज्या कामगार चळवळीने पिढ्यान्‌पिढ्या लढा दिला, तिला हा नियम परका वाटण्याचे कारण नाही.

कायदा आहे, पण तो कोणावर चालतो, हा खरा प्रश्न. इंग्लंडच्या पार्लमेंटने १८२२ साली घोडे व गुरे यांच्या छळाविरुद्ध कायदा केला. आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले ते मुख्यतः गाडीवान आणि गुरे हाकणारे. उमरावांची कोल्ह्यांची शिकार त्याच्या बाहेरच राहिली. आपल्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात प्राण्यांच्या कायदेशीर संरक्षणाचे समर्थन करणाऱ्या जॉन स्टुअर्ट मिल यांनीच १८६८ साली तेथील प्राणिरक्षक संस्थेचे मानाचे पद नाकारले. संस्था केवळ वजन नसलेल्या वर्गांच्या अपराधांवर बोट ठेवते, हा त्यांचा आक्षेप होता. मिल यांनी कायदा नको असे म्हटले नाही. तो वरपर्यंत पोचावा असे म्हटले. आपल्या कार्यकर्त्यांनी घ्यावयाचा धडा हाच.

१९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड होता दहा ते पन्नास रुपये. पैसेवाल्याला ही रक्कम चहापाण्याइतकी. गरिबाला दंड जड जात नाही, जड जाते ती जप्ती. घोडा निवाऱ्यात पाठवला तर त्याच्या पोषणाचा खर्चही मालकाच्या माथी येऊ शकतो. केवळ पोलिसी वाटेने गेलेली तक्रार म्हणूनच रोग रेड्याला आणि औषध पखालीला अशी होते. मुंबई उच्च न्यायालयाने ८ जून २०१५ रोजी हौसेच्या फेऱ्या मारणाऱ्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवल्या, तेव्हा त्या बंद करण्याबरोबरच मालक-चालकांच्या पुनर्वसनाची योजना आखण्याची जबाबदारी राज्य शासनावर टाकली. घोड्याची सुटका आणि माणसाची भाकरी एकाच निकालात बसू शकतात, एवढे तरी त्यातून सिद्ध झाले.

तेव्हा तक्रार करावीच, पण ती पूर्ण करावी. प्रथम मालकाशी बोलावे. पुष्कळदा औषधाला पैसा नसतो किंवा दवाखान्याची वाट ठाऊक नसते. त्याला सोबत घेऊन पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्याकडे जावे. जागा, दिवस, वेळ, घोड्याचा रंग व खुणा, जखमेचे स्वरूप लिहून ठेवावे; छायाचित्र काढावे; अर्जाची पोच घ्यावी. नाका-डोळ्यांतून पू आणि अंगावर गाठी दिसल्या तर क्षणाचाही विलंब करू नये. ग्लँडर्स हा घोड्याचा रोग माणसालाही होतो, आणि २००९ च्या कायद्याने त्याची खबर देणे मालकावर बंधनकारक आहे. समजावूनही छळ थांबत नसेल, किंवा मालक सधन असून हयगय करीत असेल, तर ठाणेदाराकडे लेखी फिर्याद द्यावी. या कायद्याखालचा खटला गुन्ह्यापासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. त्यानंतरची सारी धावपळ म्हणजे वरातीमागून घोडे.

१९६२ साली स्थापन झालेले भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ दूर हरियाणात, बल्लभगढला आहे. जिल्ह्याचा प्रश्न जिल्ह्यातच सुटावा म्हणून २००१ च्या नियमांनी प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक संस्था आणि तिच्याकडे जनावरांचा दवाखाना व निवारा असावा असे ठरवले. वर्ध्याला पिपरी मेघे येथे करुणाश्रमासारखे स्वयंसेवी काम उभे आहे. पण स्वयंसेवकांची करुणा हा शासनाच्या कर्तव्याला पर्याय नव्हे. संस्थेची शेवटची बैठक केव्हा झाली, तक्रारी किती आल्या, निधी कोठे गेला, हे जिल्हाधिकाऱ्यांना माहितीच्या अधिकाराखाली विचारता येते. आठही तालुक्यांतून असे अर्ज गेले पाहिजेत. टांगेवाल्याला दुसऱ्या धंद्यासाठी कर्ज, म्हाताऱ्या घोड्याला सरकारी निवारा आणि उपचार विनामूल्य, या मागण्या घोड्याच्या तक्रारीलाच जोडल्या पाहिजेत.

आणि नजर वरही वळली पाहिजे. आज घोड्याला रोजगार उरला आहे तो मुख्यतः लग्नाच्या वरातीत. कर्णकर्कश आवाजात, तापलेल्या डांबरावर तासन्‌तास घोडी नाचवली जाते. तिचा मालक चार पैशांसाठी मुकाट उभा असतो, आणि हौस असते यजमानाची. १९६५ च्या नियमांची भाषा जनावर कामाला लावणाऱ्याबरोबरच ते लावण्यास कारण होणाऱ्यालाही कवेत घेते, आणि अतिरेकी सवारी हा अकराव्या कलमाप्रमाणे छळच आहे. अशा वेळी तक्रारीत घोडीवाल्याचे नाव सहज लिहिले जाते. मंडपातल्या प्रतिष्ठित यजमानाचे नाव लिहिताना हात थबकतो. तो थबकू नये, एवढे धैर्य कार्यकर्त्याने दाखवले तर मिल यांचा आक्षेप निदान वर्धा जिल्ह्यापुरता तरी खोटा ठरेल.