जागेवर तापणारी गाडी: आधी पंखा पाहा

गाडी पळत असताना काटा जागच्या जागी असतो, पण सिग्नलला थांबली किंवा सुट्टीच्या दिवशी बोरघाटातल्या रांगेत अडकली की तो वर चढू लागतो. रांग हलली की पुन्हा उतरतो. तुमच्या गाडीचं असं होत असेल, तर गॅरेजमध्ये ते याच शब्दांत सांगा. ‘गाडी गरम होते’ एवढंच सांगितलंत, तर तपासणी कुठूनही सुरू होईल, आणि भलत्याच कामाचं बिल तुमच्या हातात पडेल.

गाडी धावते तेव्हा समोरचा वारा रेडिएटर थंड करतो. थांबली की ते सगळं काम एकट्या पंख्यावर येतं. म्हणून पहिला संशय पंख्यावरच घ्यायचा.

ही तपासणी घरीही होते. गाडी मोकळ्या जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत थोड्याच वेळात रेडिएटरचा पंखा फिरायला लागतो. नाही फिरला तर फ्यूज पाहा, मग रिले. दोन्ही ठीक असतील तर मेकॅनिकला पंख्याच्या मोटरला थेट बॅटरीचा करंट देऊन बघायला सांगा. तरीही हलली नाही तर मोटर गेली. एसीवर फिरतो पण एसी बंद असताना इंजिन तापूनही फिरत नाही, तर टेम्परेचर सेन्सर किंवा त्याची वायर तपासा. काही गाड्यांत पंख्याला दोन वेग असतात. कमी वेगाचा रेझिस्टर जळला की काटा बराच चढल्यावरच पंखा जागा होतो, आणि तो फिरताना दिसतो म्हणून कुणाला शंकाही येत नाही. बॉनेट उघडं असताना बोटं मात्र लांब ठेवा. इंजिन बंद केल्यावरही हा पंखा अचानक सुरू होऊ शकतो.

पंखा नीट फिरत असेल तर हवेची वाट बघा. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत धूळ, किडे, चिखल साचतो, आणि समोरून बघणाऱ्याला तो दिसत नाही. पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. जोराच्या प्रेशरने पातळ जाळी वाकते. कूलंटची पातळी इंजिन पूर्ण थंड असताना बघा, आणि बोअरचं पाणी ओतू नका. त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. झाकणाचं रबरही तपासा. कुकरसारखं हे झाकण आत दाब धरून ठेवतं, त्यामुळे कूलंट शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. दाब सुटला की ते लवकर उकळतं.

कळकळीने सांगतो, थर्मोस्टॅट काढून टाकायला होकार देऊ नका. ‘आपल्याकडे त्याची गरज नाही’ असं ऐकवलं जातं. त्याशिवाय इंजिनला योग्य उष्णता गाठायला फार वेळ लागतो, डिझेल-पेट्रोल जास्त जळतं आणि पंख्याचा दोष तसाच राहतो. थर्मोस्टॅट खराब असेल तर नवा बसवा. तसंच हेड उघडायचं म्हणाले तर आधी पुरावा मागा: कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे, कुठेही गळती नसताना घटणारं कूलंट, इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर. यातलं काहीच नसेल तर हेडला हात लावू देऊ नका.

वाटेत काटा लालकडे निघाला तर एसी बंद करा आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात लावा. उकडेल, पण इंजिनातली थोडी उष्णता बाहेर पडेल. काटा उतरला नाही तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा. कित्येक गाड्यांत काटा नसतो, फक्त लाल दिवा असतो. तो लागला की एक किलोमीटरही पुढे नेऊ नका, ॲल्युमिनियमचं हेड वाकायला तेवढं पुरतं. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनावर थंड पाणीही ओतू नका.

दुरुस्ती झाल्यावर पैसे देण्याआधी गाडी गॅरेजच्या दारातच एसी बंद ठेवून चालू राहू द्या. इंजिन तापून पंखा आपोआप लागतो, काटा उतरल्यावर बंद होतो आणि पुन्हा लागतो, हे दोनदा डोळ्यांनी बघा. मग एसी लावून आणखी दहा-पंधरा मिनिटं थांबा.