कात्री बाजूला ठेवून

शाळेच्या कलाप्रदर्शनात कोलाज कुठे लावले आहेत हे विचारावे लागत नाही. मोर, गणपती, नाहीतर डोंगरामागून उगवणारा सूर्य. पेन्सिलीची बाह्यरेषा, तिच्या आत घोटीव कागदाचे कापून बसवलेले चौकोनी तुकडे, आणि रेषेबाहेर काही गेले नाही म्हणून मिळालेला ‘छान’ हा शेरा. हे कागदाने केलेले रंगकाम झाले. रंगपेटीच्या जागी डिंकाची बाटली आली, एवढेच. त्यातून मुलाला कागदाची ओळख होत नाही आणि, स्पष्टच बोलायचे तर, शिकवणाऱ्यालाही होत नाही.

म्हणून या दिवाळीच्या सुट्टीसाठी कलाशिक्षकांना एक काम सुचवतो. वर्गासाठी नाही, घरी, स्वतःसाठी. कागद ओला करून फाडायचा.

फाडलेल्या कागदाच्या चित्रांना जपानमध्ये चिगिरी-ए म्हणतात. त्यासाठी लागणारा वाशी कागद बहुधा कोझो या तुतीच्या कुळातल्या झाडाच्या सालीचा असतो आणि त्याचे तंतू लांब असतात. ओल्या ब्रशने त्यावर रेघ ओढायची, पाणी मुरू द्यायचे आणि दोन्ही हातांनी हलकेच ताणायचे. कागद तुटण्याऐवजी सुटत जातो आणि कडेला तंतूंची लव राहते. ही लव शेजारच्या रंगावर बसली की दोन रंगांमधली हद्द पुसट होते. पावसाळी डोंगराची कड, ढग, पाण्यावरची झाडाची सावली यांना अशीच कड हवी असते. कात्रीला ती जमत नाही.

वाशी मिळत नाही, ही सबब मात्र नको. आकाशकंदिलांसाठी आणि भेटवस्तूंच्या वेष्टनासाठी विकला जाणारा नेपाळी कागद लोक्ता या झुडपाच्या सालीचा असतो. त्याचेही तंतू लांब, त्यामुळे सुरुवात त्यानेच करावी. पुण्यात १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेमुळे आपल्याकडे ओळखीचा झालेला सुती चिंध्यांचा कागद जाड असतो. तो आधी दुमडून घडीवर दोन-तीनदा पाणी फिरवावे लागते. मग त्याची कड लोकरीसारखी सुटते. गिरणीच्या कागदाचे तंत्र निराळे. यंत्रावर तो एकाच दिशेने धावतो आणि तंतूही बहुतांशी त्याच दिशेला झोपतात. वर्तमानपत्र उभे फाडा, सरळ चिरत जाईल. आडवे फाडायला गेलात की भलतीकडेच पळेल. छापखान्यातली माणसे याला ग्रेन म्हणतात आणि कागद हातात घेतला की आधी तोच पाहतात. आपल्यापैकी किती जण पाहतात?

घोटीव कागदाला एकाच बाजूने रंग असतो. तो फाडला की दोनपैकी एका तुकड्याला पांढरी किनार येते. ती कोणत्या तुकड्याच्या वाट्याला येईल हे हात कोणत्या दिशेने ओढतो त्यावर ठरते, आणि हे एकदा हाताला कळले की लाटेचा फेस रंगवावा लागत नाही. पतंगाचा कागद ओला झाल्यावर बऱ्याचदा रंग सोडतो. काहींना ते बिघडणे वाटेल. मला त्यात आयता ओघळ दिसतो. फक्त आधी कोपऱ्यावर थेंब टाकून पाहावे.

चिकटवायला मैद्याची पातळ खळ. बाजारातला पांढरा गोंद पटकन धरतो, तुकडा सरकवू देत नाही. खळ तुकड्याला न लावता पाठीमागच्या कागदावर फिरवावी आणि तुकडा वर अलगद सोडावा, म्हणजे लव गोळा होत नाही. खळीला कसर लागू नये म्हणून जुने बाइंडर तिच्यात मोरचूद घालत. तो विषारी आहे, मुलांच्या हाती जाणाऱ्या खळीत नकोच. थोडी थोडी ताजी शिजवावी. वाळताना पुठ्ठा वाकतो, तेव्हा मागच्या बाजूलाही तसाच एक कागद चिकटवून वजनाखाली ठेवावे.

बारीक तुकड्यांवर माझा राग नाही. जपानी चित्रकार कियोशी यामाशिता याचे १९५० सालचे नागाओकाच्या आतषबाजीचे चित्र हाताने फाडलेल्या इवल्या तुकड्यांचेच आहे. नदीकाठची अफाट गर्दी, वर फुटलेले बाण आणि त्यांच्या रेषांसाठी कागदाची वळलेली सुते. तिथे तुकडा जागा भरायला आलेला नाही, त्या गर्दीतले ते एकेक माणूस आहे. १९१२ साली फ्रेंच चित्रकार ब्राकने लाकडाच्या नक्षीचा भिंतीचा कागद कापून चित्रात चिकटवला, तेव्हाही तो कागद उघडउघड भिंतीचा कागदच राहिला. कात्री वापरूनही कागदाचा मान राखता येतो, हे मान्य. पण आपल्या वर्गात कात्रीची सवय इतकी मुरली आहे की काही दिवस ती कपाटात टाकल्याशिवाय हात दुसरे काही शोधणार नाही.

इलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांमध्ये हे विचारत नाहीत, असे कोणी म्हणेलच. खरे आहे, विचारत नाहीत. म्हणून तर हे सुट्टीत आणि घरी करायचे.

झालेले नमुने आमच्याकडे पाठवा. पोस्टकार्डाएवढे पुरेत, विषय कोणताही, फक्त आधी बाह्यरेषा काढलेली नको. मागे पेन्सिलीने कागद कोणता, तो उभा फाडला की आडवा आणि चिकटवायला काय वापरले ते लिहा. फसलेले तुकडेही हवेत, विशेषतः रंग सोडलेले. जानेवारीच्या अंकाची मधली पाने त्यांच्यासाठी राखून ठेवली आहेत.