विक्री वाढली, पण कशामुळे?

आज थोडं स्पष्ट बोलतो. आपल्याकडे धंदा भांडवलाअभावी बुडतो असं सगळे म्हणतात. माझं मत वेगळं आहे. बरेच धंदे चुकीच्या निष्कर्षामुळे बुडतात.

आपल्या बॅचमधल्या एका ताई मूलच्या आठवडी बाजारात जवसाची चटणी विकतात. त्यांनी पाकीट बदललं, भाव पाच रुपयांनी कमी केला आणि जागाही बदलली. त्या आठवड्यात विक्री दुप्पट झाली. ताईंनी बचत गटातून कर्ज काढून हजार छापील पाकिटं मागवली. पण तो आठवडा दिवाळीचा होता! दिवाळी सरली, पाकिटं घरात पडून राहिली आणि हप्ता सुरू झाला.

विक्री पाकिटामुळे वाढली, भावामुळे, जागेमुळे की सणामुळे? सांगताच येत नाही. माणसाच्या वागण्यावर प्रयोग करणारे मानसशास्त्रज्ञ म्हणूनच पहिला नियम पाळतात: एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि तुलनेला जुनं तसंच ठेवा.

याचं मोठं उदाहरण आपल्या गडचिरोलीतच आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. 39 गावांत गावातल्याच बायांना शिकवून ही सेवा दिली, 47 गावं तुलनेसाठी ठेवली. 1993 पासून आधी नुसत्या नोंदी घेतल्या, सेवा 1995 मध्ये सुरू केली. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर सुमारे 62 टक्क्यांनी कमी झाला. 1999 मध्ये 'लॅन्सेट'ने हे छापलं. तुलनेची गावं नसती, तर "पाऊसपाणी चांगलं झालं म्हणून बाळं वाचली" असंही कुणी म्हणालं असतं.

आता आपल्या चटणीचं बघू. भाव तोच, वजन तेच, जागा तीच. आठ चिठ्ठ्या करा: चारवर 'जुनं पाकीट', चारवर 'नवं'. दर बाजाराला एक चिठ्ठी उचला आणि तेच पाकीट मांडा. निवड आपण केली, तर गर्दीच्या दिवशी आपण आपल्या आवडीचंच पाकीट मांडतो. चिठ्ठीला आवडनिवड नसते. सणाचा आठवडा सोडून द्या. किती पाकिटं विकली ते वहीत लिहा. आठ बाजारांत किरकोळ फरक दिसला तर तो फरक मानू नका, अजून थांबा.

आणि हो, "ताई, चटणी आवडली का?" असं तोंडावर विचारू नका. आपली माणसं भिडस्त, "छान आहे" म्हणतात आणि पुढे जातात. खरं उत्तर पैसे देणारा हात देतो.

काही जण म्हणतील, "सर, दोन महिने कोण थांबणार?" अहो, कर्जाचा हप्ता दोन वर्षं चालतो! त्यापुढे दोन महिने म्हणजे काय?

आधी वही, मग कर्ज. भेटू पुढच्या व्हिडिओत!